वाचनालयाबद्दल तुम्ही परत परत विचारता ते प्रश्न

देवघेवीच्या खिडकीत, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न सारखे येतात त्यांची ही उत्तरं. आमचं वाचनालय सांगलीजवळ, कृष्णाकाठच्या गावात आहे आणि मी तिथं ग्रंथपाल आहे. वर्गणी, वेळा वगैरे प्रत्येक वाचनालयाच्या वेगळ्या असतात, त्या आपापल्या ठिकाणी विचारून घ्या. कायद्याचा भाग महाराष्ट्रात सगळीकडे सारखाच.

१. सभासद व्हायला काय लागतं? आधार कार्ड लागतंच का?

एक फोटो, पत्त्याचा कुठलाही एक पुरावा, अनामत आणि पहिल्या महिन्याची वर्गणी. लाइटबिल, रेशनकार्ड, शाळा-कॉलेजचं ओळखपत्र, काहीही चालतं. आधार दाखवलंत तर बघून परत देतो, झेरॉक्स ठेवून घेत नाही. पूर्वी जुन्या सभासदाची ओळख म्हणून सही लागायची. ती अट आम्ही काढून टाकली. साखर कारखान्यावर किंवा एमआयडीसीत बाहेरून कामाला आलेल्या माणसाला इथं ओळख कोण देणार? नुसता पेपर वाचायला बसायचं असेल तर काहीच लागत नाही. चप्पल बाहेर काढा.

२. हे सरकारी वाचनालय आहे ना? मग वर्गणी कशाला?

सरकारी नाही. गावातल्या लोकांनी काढलेली, नोंदणी झालेली संस्था आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली तिला शासनाची मान्यता आहे आणि अ, ब, क, ड या वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळतं. मिरजेच्या पुढं सीमा ओलांडलीत की कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेतात. आपल्या कायद्यात तसा उपकर नाही. त्यामुळे आमचा गाडा अनुदान, वर्गणी आणि देणग्या यांवर चालतो. २०२२ मध्ये अनुदानाचे दर ६० टक्क्यांनी वाढले, तेव्हा जरा हायसं वाटलं. पण पुस्तकं, पेपरची बिलं, वीज आणि आम्हा कर्मचाऱ्यांचा पगार हे सगळं त्यातूनच भागवायचं असतं. तुमची वर्गणी वेळेवर आली की पेपरवाल्याचं बिल थकत नाही, इतका सरळ हिशोब आहे.

३. एका वेळी किती पुस्तकं मिळतात?

एक पुस्तक आणि एक मासिक, पंधरा दिवसांसाठी. मागणी नसेल तर फोनवर मुदत वाढवून देतो. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी असते.

४. कॉम्प्युटरवर शोधलं तर पुस्तक नाही म्हणतो, कपाटात मात्र दिसतं. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि चूक तुमची नसते. आमची यादी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर चढवली ती लग्नपत्रिका छापणाऱ्या एका डीटीपीवाल्याकडून. त्याचा फॉन्ट युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नव्हता. त्याच्या मशीनवर यादी देखणी दिसायची. दुसरीकडे उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. पुढं ती रूपांतर करून नव्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, त्यात बरीचशी जोडाक्षरं मोडली. आता दाखल रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही) उघडून एकेक नोंद दुरुस्त करतोय. दुपारी दोन ते चार खिडकीत गर्दी नसते, ते दोन तास यातच जातात.

दुसरं दुखणं याहून बारीक आहे. ‘साताऱ्याचा’ या शब्दातला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. नुक्ता असलेला ऱ घेऊन एक, आणि साध्या र ला न दिसणारं एक जोडचिन्ह लावून दुसरा. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण मशीनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. दऱ्या, वाऱ्या, कोऱ्या, शेतकऱ्यांचा असले सगळे शब्द या फेऱ्यात सापडतात. मला स्वतःला हे कळायला वर्ष गेलं. शेतीच्या कपाटातली निम्मी पुस्तकं शोधात येत नव्हती आणि मी पावसाळ्यात बिघडलेल्या कीबोर्डला शिव्या घालत होतो.

यावर तोडगा म्हणजे शोधताना पूर्ण नाव टाकू नका. लेखकाचं आडनाव किंवा शीर्षकातला जोडाक्षर नसलेला एखादा शब्द टाका. आद्याक्षरांच्या मध्ये टिंब द्यायचं की नाही या भानगडीत पडू नका, नुसतं आडनाव पुरतं. तरीही नाही सापडलं तर खिडकीत येऊन विचारा. ‘निळ्या पुठ्ठ्याचं, विहिरीची गोष्ट होती त्यात’ एवढ्यावरही पुस्तक काढून दिलेलं आहे.

५. आमच्या गावच्या वाचनालयाला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

हा प्रश्न इतर गावांचे ग्रंथपाल विचारतात. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय आहे, आणि न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं कोहा आहे. कोहाला परवान्याचे पैसे पडत नाहीत, मात्र ते बसवून सांभाळणारा माणूस लागतो. नाव कुठलंही असो, दोन गोष्टी लेखी घ्या: मराठी नोंदी युनिकोडमध्येच राहतील, आणि आपला सगळा डेटा कधीही एक्सेलमध्ये काढून मिळेल. विकणारा माणूस फोन उचलायचा बंद झाला की दुसऱ्या अटीची किंमत कळते.

बारकोड घ्या. स्कॅनर स्वस्त आहे आणि तपासणीच्या वेळी मोजणी झटकन होते. आरएफआयडीचं (पुस्तकात चिकटवायच्या रेडिओ चिपचं) मात्र माझं मत विचारलंत तर लहान वाचनालयाने त्या नादी लागू नये. त्या पैशांत पुस्तकं आणि दोन पंखे येतात.

६. पुस्तकं लेखकाच्या नावानेच का लावत नाही? ते आकडे कशाला?

कथा-कादंबऱ्या आम्ही लेखकाच्या आडनावानेच लावतो. बाकीची ड्यूई दशांश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देऊन. १८७६ सालची ती पद्धत, पण अजून चालते. पाठीवर ८९१.४६१ असेल तर मराठी कविता, ८९१.४६२ म्हणजे मराठी नाटक. एकदा आकडा लक्षात राहिला की आम्हाला विचारायचीही गरज पडत नाही. कपाटं मुक्तद्वार आहेत, आत येऊन हाताळा. फक्त काढलेलं पुस्तक परत कपाटात घालू नका, टेबलावर ठेवा. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक आमच्या दृष्टीने हरवलेलंच असतं.

७. एमपीएससीची तयारी करतोय. अभ्यासिकेत जागा कशी मिळेल? सकाळी सहाला आलो तरी सगळ्या खुर्च्यांवर रुमाल!

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची सवय इथंही आली होती. पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, एकदा तर नुसतं हेल्मेट खुर्चीवर दिवसभर बसून होतं. आता नियम असा: दारात टोकन घ्यायचं, उठून गेलात तर पाऊण तास जागा तुमची. त्यानंतर वस्तू उचलून टेबलाखाली ठेवतो आणि टोकन पुढच्याला देतो. जेवायला जाणाऱ्यांनी टोकन खिडकीत जमा केलं तर दीड तास मिळतो.

मुलींसाठी भिंतीकडची एक रांग राखीव आहे. तिला काहींनी हरकत घेतली होती. शेजारच्या गावांतून येणाऱ्या मुलींना संध्याकाळची एसटी धरावी लागते, म्हणून त्यांना सकाळी उशिरा आल्या तरी जागा हवी, कारण एवढंच. राखीव जागा बारा वाजेपर्यंत रिकामी राहिली तर ती कुणालाही देतो.

पुस्तकांचं म्हणाल तर राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हापासून जुन्या बहुपर्यायी प्रश्नसंचांना कुणी हात लावत नाही. आम्ही गाईडं घेणं जवळपास थांबवलंय. त्याऐवजी पाठ्यपुस्तकं, संदर्भग्रंथ आणि वर्तमानपत्रांतल्या अग्रलेखांची विषयवार कात्रणं ठेवतो. या फायली मुलांनीच लावायला सुरुवात केली.

८. ही अभ्यासिकेची मुलं वाचनालयाचं एकही पुस्तक नेत नाहीत. त्यांनी आमची वाचनाची खोली का बळकवावी?

ज्येष्ठ सभासदांची ही तक्रार मी टाळत नाही, कारण ती अर्धी खरी आहे. दोन-तीन वर्षांत कादंबऱ्यांची देवघेव कमी झाली आणि खुर्च्यांची मागणी वाढली. पण ज्या मुलाचं घर दोन खोल्यांचं, त्यात टीव्ही आणि धाकटी भावंडं, त्याने शांतता आणि ट्यूबलाइट मागितली तर ती वाचनालयाकडे नाही तर कुणाकडे मागायची? पुस्तक मागणारा सभासद खरा आणि खुर्ची मागणारा खोटा, असं मला वाटत नाही.

तरी तुमची जागा तुम्हाला हवी, हे रास्तच आहे. म्हणून पेपर विभाग सकाळी आठ ते दहा फक्त पेपर वाचणाऱ्यांसाठी आहे. तिथं लॅपटॉप उघडला की मी स्वतः उठवतो. आणि एक गंमत सांगतो. परीक्षा झाल्यावर, निकालाच्या आधीच्या मोकळ्या महिन्यांत, यातलीच काही मुलं कथासंग्रह नेतात.

९. अमुक पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवाल का? सगळे पाठवतात.

नाही. लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. ही ६० वर्षं मृत्यूनंतरच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. आपल्या जिल्ह्यातलीच उदाहरणं घ्या. सांगलीत जन्मलेले नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले. त्यांचं लेखन २००९ पासून सगळ्यांना मोकळं आहे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे जुलै १९६९ मध्ये गेले. त्यांचा कॉपीराइट ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहे. म्हणजे ‘जुनं पुस्तक आहे, चालतंय’ हा हिशोब चुकतो. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा धरायचा.

एका मराठी आवृत्तीच्या हजार-पाचशे प्रती निघतात. गावोगावची वाचनालयं हे प्रकाशकाचं मोठं गिऱ्हाईक आहे. आम्हीच पीडीएफ फिरवायला लागलो तर पुढची आवृत्ती निघणार नाही, आणि ‘पुस्तक मिळत नाही हो’ म्हणून तक्रार घेऊन तुम्ही परत आमच्याच खिडकीत याल.

१०. मग मोबाइलवर फुकट आणि कायदेशीर मराठी वाचायला काय आहे?

बरंच आहे. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे. त्याचं काम आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली उभं राहिलं. साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात, बालभारतीची पाठ्यपुस्तकं आहेत, मराठी विकिस्रोत आहे. खरगपूर आयआयटीची नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे. मोबाइल घेऊन या, नोंदणी करून देतो. स्टोरेज भरलंय हे आधीच सांगतो, कारण दहातल्या आठ जणांचं भरलेलंच असतं.

११. तुमच्याकडचं जुनं दुर्मीळ पुस्तक स्कॅन करून मिळेल?

कॉपीराइट संपलेलं असेल (मोजायचं कसं ते प्रश्न ९ मध्ये आहे) आणि बांधणी सोसत असेल तर हो. कॉपीराइट चालू असेल तर वेगळा नियम आहे. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती सार्वजनिक वाचनालय स्वतःच्या वापरासाठी करू शकतं. आपल्याकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवूही शकतं. पण ती प्रत वाचनालयाची. तुम्ही इथं बसून वाचू शकता, घरी नेता येणार नाही.

१२. चॅटजीपीटी सगळं सांगतो. आता ग्रंथपालाचं काय काम?

परवा एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी संदर्भांची छापील यादी घेऊन आली. एआयने दिलेली. पाच पुस्तकं, लेखक, प्रकाशक, साल, सगळं व्यवस्थित. तीन सापडली. उरलेल्या दोन पुस्तकांसाठी मी प्रकाशकाला फोन केला, तर त्यांनी ती कधी काढलीच नव्हती. लेखक खरे, प्रकाशक खरा, पुस्तक मात्र जगात नाही. तिने त्यातलं एक ‘संदर्भ’ म्हणून आधीच लिहूनही टाकलं होतं.

मी एआय वापरतो. इंग्रजी पत्रं लिहायला, लांबलचक शासन निर्णयाचा सारांश काढायला बरं पडतं. पण त्याने दिलेलं पुस्तकाचं नाव कुठल्यातरी ग्रंथालयाच्या यादीत किंवा प्रकाशकाच्या सूचीत सापडेपर्यंत खरं धरायचं नाही. तशी यादी असेल तर घेऊन या, दहा मिनिटांत तपासून देतो. हल्ली माझ्या कामात याचा वाटा वाढत चाललाय.

१३. आईला आता जिने चढवत नाहीत. तिला पुस्तकं घरपोच मिळतील का?

मिळतील. आठवड्यातून एकदा पिशवी येते. काय आवडतं ते एकदा फोनवर सांगा. आम्ही चार पुस्तकं पाठवतो, आवडलेली दोन ठेवायची आणि दोन परत द्यायची. वाडीवस्तीवर ही पिशवी दूध संकलन केंद्रावर ठेवतो. सकाळी दूध घालायला येणारा माणूस घरची पुस्तकं बदलून नेतो. नवीन काही नाही यात. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९१० नंतर पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत होत्या.

दिसत नसेल किंवा पुस्तक हातात धरवत नसेल तर सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाची नोंदणी करून देतो. २०१६ पासून ते चालू आहे आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मोठ्या टाइपाचं काही हवं असेल तर तसं वेगळं कपाट आहे.

१४. माझी मुलगी कोणती पुस्तकं नेते, त्याची यादी मिळेल का?

मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर तिच्यासमोर, तिच्याबरोबर येऊन बघा. १८ च्या पुढची असेल तर नाही. नवऱ्याला बायकोची, सासूला सुनेची, संचालकाला सभासदाची यादी आम्ही देत नाही. हा नियम भिंतीवर लावलाय, कारण तोंडी सांगितलं की लोक ओळख काढतात. पूर्वी पुस्तकाच्या मागच्या कार्डावर कुणी नेलं ते दिसायचं. बारकोड आल्यावर ते बंद झालं. मला वाटतं कॉम्प्युटरचा हा फायदा सगळ्यात मोठा.

१५. वडिलांची पुस्तकं देणगी द्यायची आहेत. घ्याल का? कपाटावर त्यांचं नाव लावाल का?

आधी यादी किंवा कपाटाचे फोटो पाठवा. कालबाह्य गाईडं, फाटके दिवाळी अंक, वाळवी लागलेलं काही घेत नाही. एक वाळवीची पेटी आत आली तर शंभर पुस्तकं जातात. आमच्याकडे आधीच असलेल्या पुस्तकाची जादा प्रत दुसऱ्या वाचनालयाला देण्याची मुभा लेखी द्या. नाव प्रत्येक पुस्तकाच्या आत शिक्का मारून लावतो, कपाटावर नाही. नावाच्या कपाटातली पुस्तकं विषयवार लावता येत नाहीत आणि मग सापडत नाहीत (प्रश्न ६).

वडिलांच्या वह्या, पत्रं, गावच्या जुन्या नाटकांच्या जाहिराती, सोसायटीचे अहवाल असतील तर ते मात्र रद्दीत घालायच्या आधी मला दाखवा. कादंबरी दुसरीकडे मिळेल, हे मिळणार नाही.

१६. पुस्तक हरवलं तर?

तेच पुस्तक आणून द्या, नाहीतर आजची किंमत भरा. बाजारात मिळत नसेल तर त्याच विषयावरचं चालेल, पण आधी विचारा. पुरात गेलं असेल तर काहीच भरू नका, एक अर्ज द्या.

१७. घरात पुराचं पाणी आलं होतं, पुस्तकं भिजली. वाचतील का?

पहिले दोन दिवस महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. चिखल लागला असेल तर पुस्तक मिटलेलंच ठेवून स्वच्छ पाण्यात बुचकळा; उघडून धुतलं की चिखल पानांत जातो. मग उभं करून, पानं पंख्यासारखी थोडी पसरून, पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, पानं वाकडी होतात. मध्येमध्ये टिपकागद किंवा कोरा कागद घाला आणि बदलत राहा. वर्तमानपत्राची शाई उतरते. गुळगुळीत कागदाची सचित्र पुस्तकं वाळताना चिकटून वीट होते, त्यांना आधी घ्या. एकदम सगळं जमत नसेल तर पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये टाका. बुरशी थांबते आणि नंतर सवडीने वाळवता येतात. गावातल्या आइस्क्रीमवाल्याला विचारा, नाही म्हणणार नाही.

१८. आणि वाचनालयातच पाणी आलं तर? २०१९ सारखं?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमचा तळमजला बुडाला. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर पुस्तकं फुगून लोखंडी रॅकमध्ये इतकी घट्ट बसली होती की ओढून निघेनात. नटबोल्ट गंजले होते, शेवटी पहार घालून रॅकच खोलावे लागले. वरच्या दोन फळ्या तेवढ्या वाचल्या.

आता तळमजल्यावर फक्त पेपर विभाग आणि अभ्यासिका. दाखल रजिस्टरं, स्थानिक दालन (गावची जुनी कागदपत्रं) आणि सगळी कपाटं वरच्या मजल्यावर. यादीची एक प्रत ऑनलाइन, एक पेनड्राइव्हवर मिरजेला नातेवाइकाच्या घरी. आयर्विनची पातळी ४० फुटांवर गेली, म्हणजे इशारा पातळी गाठली, की संगणक आणि प्रिंटर वर न्यायचे. ४५ फुटांची धोका पातळी यायच्या आत देवघेव बंद आणि दरवाजे उघडे, कारण वरच्या मजल्यावर माणसंही राहायला येतात. किल्ली माझ्याकडे, शिपायाकडे आणि समोरच्या किराणा दुकानात असते. अभ्यासिकेतल्या बारा मुलांची नावं आणि फोन नंबर खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवलेत. दोन वर्षांपूर्वी पाणी चढायला लागलं तेव्हा खुर्च्या आणि टेबलं वर चढवायला पहिल्यांदा तीच आली होती.